रेकॉर्ड प्लेयरवर किती पैसा लावायचा?

कापूस-तुरीचे चार पैसे हातात आले की काही घरांत दरवर्षी एक विषय निघतो. माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डी पडून आहेत, त्या नीट ऐकायला एक चांगला टर्नटेबल घ्यायचा आहे. पण लावायचे किती? बाजारात पाच-सहा हजारांपासून पाच-सहा लाखांपर्यंत आणि त्याच्याही वर माल मिळतो. या प्रश्नाचं बरंचसं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. आणि यवतमाळ-वाशिमकडच्या गावातलं उत्तर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या उत्तरापेक्षा वेगळं निघतं, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात खाचेपासून करू. एलपी रेकॉर्डची खाच वरच्या बाजूला साधारण 50 ते 60 मायक्रॉन रुंद असते. आपल्या कापसाचा एक तंतू साधारण 15 मायक्रॉन जाड. म्हणजे घरात कापूस साठवलेला असताना हवेत उडणारा रुईचा एकेक तंतू त्या खाचेत सहज मावतो आणि सुईला गुंडाळला जातो. वीस मिनिटांच्या एका बाजूची खाच सरळ उलगडली, तर ती चारशे मीटरपेक्षा लांब भरते.

तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते आणि शेवटी शेवटी जेमतेम 21. दहा हजार हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट बाहेर 51 मायक्रॉनमध्ये ऐसपैस बसते, आत मात्र तिला 21 मायक्रॉनमध्ये कोंबावं लागतं. गोल टोकाच्या साध्या सुईची त्रिज्याच 15 ते 18 मायक्रॉन. ती एवढ्या बारीक वळणात शिरूच शकत नाही, वरून घसरत जाते. ‘स’ आणि ‘श’ फाटके ऐकू येतात ते यामुळे. लंबगोल टोकाच्या सुईची कडेची त्रिज्या साधारण 8 मायक्रॉन असते, ती शिरते.

आता आपलं संगीत आठवा. ख्यालाची सुरुवात विलंबित, शेवट द्रुत. एका बाजूवर अख्खा राग असेल तर गायकाची सगळ्यात वेगवान, सगळ्यात दाणेदार तान नेमकी रेकॉर्डच्या सगळ्यात अडचणीच्या जागी येते. मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांची तान ऐकायची हौस असेल, तर पहिला पैसा सुईवर लावा. चार-सहा हजारांत लंबगोल सुईचं चांगलं कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणारी डबी, मिळतं, आणि त्यातून मिळणारा फरक टर्नटेबलवर वाढवलेल्या पन्नास हजारांतून मिळेल असं मला वाटत नाही.

सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेयरबद्दल मात्र मी कडक आहे. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते पाच ग्रॅमच्या आसपास भार देतं. चांगली सुई दीड-दोन ग्रॅमवर चालते. तेवढ्या भारालाही टेकण्याची जागा इतकी सूक्ष्म असते की दाब दर चौरस सेंटिमीटरला काही हजार किलोंवर जातो. भार अडीच-तीन पट करून आजोबांची रेकॉर्ड वाजवू नका.

दुसरी गोष्ट, म्हणजे कार्ट्रिज योग्य कोनात बसवणं, फुकटात होते. टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, एका टोकाला खिळलेला असतो, म्हणून सुई कंसात सरकते. खाच कापणारं यंत्र मात्र सरळ रेषेत सरकलेलं असतं. दोन्हींमधला कोन सगळीकडे शून्य ठेवणं शक्य नाही, पण दोन जागी ठेवता येतो. एरिक लॉफग्रेनने 1938 मध्ये आणि बेअरवाल्डने 1941 मध्ये हे गणित मांडलं. केंद्रापासून सुमारे 66 आणि 121 मिलिमीटरवर कोन शून्य झाला, की बाकी पट्ट्यात विकृती कमीत कमी राहते. या दोन जागा दाखवणारी मोजपट्टी कागदावर छापून घ्यायची, कार्ट्रिज तिच्यावर धरून स्क्रू आवळायचे. महागडं कार्ट्रिज दोन मिलिमीटर चुकीचं बसवलं तर ते नीट बसवलेल्या स्वस्त कार्ट्रिजपुढे टिकत नाही.

मग येतो वेग. तानपुऱ्याचा अखंड षड्ज ही वेगाची सर्वात कठोर परीक्षा. वेग एक टक्का चुकला तर सूर 17 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सहाव्या हिश्शाएवढा सरकतो. सतत चढ-उतार होत असेल तर कान त्याहून कितीतरी कमी फरक पकडतो. इथे लोक लाखो रुपये ओततात. पण रेकॉर्डचं मधलं भोक केंद्रापासून फक्त 0.2 मिलिमीटर सरकलेलं असेल, तर आतल्या खाचेवर, 60 मिलिमीटर त्रिज्येपाशी, वेग दर फेऱ्याला 0.33 टक्के वर-खाली होतो. सुमारे सहा सेंट. हा दोष रेकॉर्डमध्येच आहे. जगातला सगळ्यात महाग टर्नटेबलही तो प्रामाणिकपणे ऐकवणार. म्हणून यंत्राची स्वतःची डळमळ 0.1 टक्क्यापर्यंत आली की पुढचा खर्च माझ्या लेखी थांबतो. टेक्निक्स कंपनीचा 1972 चा एसएल-1200 आणि त्यानंतरचे चांगले डायरेक्ट-ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय, मोटरने थेट फिरणारे) प्लेयर त्या रेषेच्या आत आहेत.

गावात विचारतात, "व्होल्टेज कमी-जास्त होते, मग प्लेयरले स्टॅबिलायझर लावू का गा?" वेगासाठी नको. जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या वारंवारितेवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. आणि वारंवारिता आपल्या ग्रिडमध्ये साधारण 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवली जाते. नव्या डीसी मोटरचा वेग तिचं स्वतःचं सर्किट धरून ठेवतं. अॅम्प्लिफायर जळू नये म्हणून स्टॅबिलायझर लावा, तो वेगळा विषय.

विजेचा खरा त्रास घुमण्याचा. कार्ट्रिजमधून तीन ते पाच मिलिव्होल्ट निघतात, फोनो प्री-अॅम्प ते शंभर पट करतो. शिवाय 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) पद्धतीत रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो आणि वाजवताना तो परत उचलावा लागतो. 50 हर्ट्झला ही उचल सुमारे सात पट. म्हणजे घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची भुणभुण सातशे पट होऊन स्पीकरमधून येते. दारव्ह्याकडच्या एका नातेवाइकांकडे मे महिन्यात असंच झालं होतं. प्लेयरची बारीक ग्राउंड वायर प्री-अॅम्पच्या स्क्रूला जोडलेली होती, तरी घूं चालूच; अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या. मागे जाऊन पाहिलं तर अर्थिंगच्या खड्ड्याभोवती काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, माती पट्टीपासून सुटलेली. इलेक्ट्रिशियनने खड्डा मीठ-कोळसा घालून पुन्हा भरला, बादलीभर पाणी ओतलं. झिणझिण्या गेल्या आणि घुमणं इतकं उतरलं की दोन तंबोऱ्यांमधला फरक ऐकू यायला लागला. आपल्याकडे हा खर्च प्लेयरच्या आधीचा आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिचा विद्युतरोध वाढतो, आणि त्यावर कोणतीही महाग केबल हा इलाज नाही.

कुलरचाही हिशेब करा. खोलीत गाणं 85 डेसिबलपर्यंत चढत असेल, तर चांगल्या एलपीची स्वतःची खरखर त्याच्या 55-60 डेसिबल खाली, म्हणजे 25-30 डेसिबलवर असते. वाळ्याच्या टट्ट्यांचा कुलर 60 च्या आसपास. एप्रिल ते जून त्या कुलरसमोर बसून महाग प्लेयरची शांतता ऐकू येणं शक्यच नाही. पण पौषातल्या रात्री मोटारपंप बंद झाल्यावर गावातलं घर जेवढं शांत असतं, तेवढा शहरातला फ्लॅट कधीच नसतो. रेकॉर्डच्या तळापर्यंतचं ऐकण्याची खरी सोय आपल्याकडे आहे. म्हणून गावात हलकं सामान चालतं, असं मी म्हणणार नाही. वर्षातले चार-पाच महिने ते उघडं पडतं.

महाग कार्ट्रिज दर वेळी चांगलंच, असंही नाही. टोनआर्म आणि सुईची लवचीक दांडी मिळून एका ठरावीक वारंवारितेला डोलतात. आर्म आणि कार्ट्रिजचं मिळून वस्तुमान ग्रॅममध्ये आणि दांडीच्या लवचीकतेचा (कंप्लायन्सचा) आकडा घ्या, गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. 20 ग्रॅम आणि 15 असेल तर उत्तर सुमारे 9 हर्ट्झ. 8 ते 12 च्या मध्ये हवं, म्हणजे झालं. 24 ग्रॅमच्या जड आर्मवर 30 लवचीकतेचं कार्ट्रिज लावलं तर 6 हर्ट्झच्या खाली येतं. तिथे वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे आणि लाकडी माडीवरच्या पावलांचे धक्के सुईला नाचवतात. भिंतीत घट्ट बसवलेल्या कडप्प्यावर प्लेयर ठेवा, गवंड्याच्या पाणसळीने पातळी बघा.

आणि रेकॉर्डी माळ्यावरून आधी खाली आणा. विनाइल साधारण 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. बाहेर 45-46 असताना टिनाखालचा माळा किंवा काचा लावलेली गाडी तो आकडा गाठते. तळमजल्यावर, सावलीच्या भिंतीला, उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत नको.

किमतीचा आपल्या कानावर काय परिणाम होतो, तेही लक्षात ठेवायला हवं. 2008 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन वेगवेगळी किंमत सांगून दिली. महाग म्हणून दिलेली जास्त आवडली, आणि मेंदूच्या सुखाशी जोडलेल्या भागात हालचालही जास्त दिसली. कान यातून सुटतील असं मानायला मला कारण दिसत नाही. दुकानात ऐकताना किंमत न बघता ऐका, आवाज दोन्ही वेळा सारखा ठेवा. एखादा डेसिबल जास्त असलेला प्लेयर आपोआप चांगला वाटतो.

माझा हिशेब सांगतो. सगळं मिळून लाखभर रुपये असतील तर निम्मे स्पीकरला, कारण चांगल्या अॅम्प्लिफायरची विकृती टक्क्याच्या शंभराव्या भागात असते आणि स्पीकरची खर्जात टक्क्यांत. भार आणि कोन जुळवता येणारा, कार्ट्रिज बदलता येणारा प्लेयर पंचवीस-तीस हजारांत बसवावा. उरलेल्यात कार्ट्रिज, प्री-अॅम्प, अॅम्प्लिफायर, अर्थिंग आणि एक कार्बन ब्रश. हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1000 तास चालते. पाच हजारांची सुई धरली तर तासाला पाच ते दहा रुपये पडतात, तेवढे बाजूला टाकत चला. जुन्या वाड्यातल्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डी असतील तर त्यांचा खर्च वेगळा धरा. त्या लाखेच्या आहेत. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर पिकते तीच लाख, त्यात दगडाची बारीक भुकटी कालवलेली. त्यांची खाच बरीच रुंद, सुई 65 ते 75 मायक्रॉनची लागते. एलपीची सुई त्यात तळाला घासत जाते आणि झिजते. बरेच नवे प्लेयर 33 आणि 45 वरच फिरतात, तेव्हा पैसे देण्याआधी 78 चा वेग आहे का, एवढं विचारून घ्या.