लाच आणि फॅसिलिटेशन पेमेंट : फरक रकमेचा नाही

लाच म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. कंत्राट मिळावे, दंड टळावा किंवा तपासनिसाने डोळे मिटावेत म्हणून अधिकाऱ्याच्या हाती गुपचूप पडलेला पैसा, एवढी ओळख पुरेशी आहे. गोंधळ सुरू होतो तो तिच्या शेजारी ‘फॅसिलिटेशन पेमेंट’ हा शब्द येऊन बसला की. व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणांत वर्षानुवर्षे एकच वाक्य ऐकू येते : मोठी रक्कम असेल तर लाच, चहापाण्यापुरती असेल तर फॅसिलिटेशन पेमेंट. हे वाक्य मुळातच चुकीचे आहे आणि सोपे असल्यामुळे ते मरतही नाही.

परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यास बंदी घालणारा अमेरिकेचा कायदा 1977 चा. त्यातला फॅसिलिटेशन पेमेंटचा अपवाद आज ज्या शब्दांत वाचला जातो, ते शब्द 1988 च्या दुरुस्तीने आले. नेहमीचे सरकारी काम लवकर व्हावे यासाठी दिलेला पैसा, असा त्या अपवादाचा आशय आहे. व्हिसाचे कागद पुढे सरकवणे, वीज किंवा दूरध्वनीची जोडणी देणे, माल उतरवून घेणे ही तिथली उदाहरणे. रकमेची मर्यादा मात्र त्यात कुठेही नाही. कायदा किती दिले हे न पाहता कशासाठी दिले हे पाहतो : जे काम तुमच्या हक्काचेच आहे आणि जे करताना अधिकाऱ्याला स्वतःची अक्कल चालवायची मुभाच नाही, ते केवळ वेळेवर व्हावे म्हणून पैसा दिला, की जो निर्णय कुठल्याही बाजूने जाऊ शकत होता तो आपल्या बाजूने वळवून घेतला?

बंदरात अडकलेला एकच कंटेनर डोळ्यांसमोर आणावा. कागदपत्रे पूर्ण आहेत, शुल्क भरलेले आहे, फक्त शिक्का उमटायचा आहे आणि कारकून फाइल दाबून बसला आहे. त्याला दिलेले पाचशे रुपये अमेरिकी कायद्याच्या त्या अपवादात बसू शकतील. त्याच कंटेनरमधील माल कमी शुल्काच्या वर्गात दाखवावा म्हणून तेच पाचशे रुपये दिले, तर ती सरळ लाच झाली. माणूस तोच, टेबल तेच, नोटही तीच. बदलले आहे ते काम.

नावाने काही बदलत नाही, हे पॅनलपिना या मालवाहतूक कंपनीच्या प्रकरणात दिसले. नायजेरियातील सीमाशुल्क अधिकाऱ्यांना गेलेला पैसा ग्राहकांच्या बिलांत ‘स्थानिक प्रक्रिया खर्च’ अशा सोवळ्या नावांनी येई. प्रत्यक्षात तो आयातीचे नियम चुकवण्यासाठी होता. 2010 मध्ये ती कंपनी आणि तिचे तेलक्षेत्रातील सहा ग्राहक यांनी मिळून 23 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. (मराठीत कुणी ‘सुलभीकरण शुल्क’ असे भाषांतर करते, ते मला अजिबात मान्य नाही. शुल्काची पावती मिळते आणि ते तिजोरीत जमा होते. तत्काळ पासपोर्टसाठी आपण भरतो ते शुल्क. पावतीविना खिशात जाते त्याला चिरीमिरी हा आपला जुना शब्द पुरेसा आहे.)

दुसरी गल्लत म्हणजे हा अपवाद जगभर चालतो असे समजणे. ब्रिटनचा 2010 चा कायदा 1 जुलै 2011 रोजी लागू झाला, तो असा अपवाद ठेवतच नाही. कॅनडाने आपला अपवाद 2017 मध्ये काढून टाकला. भारताच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही अशी सवलत नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यातच एक उदाहरण छापलेले आहे : शिधापत्रिकेच्या नेहमीच्या अर्जाचे काम वेळेवर करण्यासाठी पाच हजार रुपये मागणारा लोकसेवक दोषी ठरतो. काम अर्जदाराच्या हक्काचेच होते, ही गोष्ट त्याला वाचवत नाही. त्याच दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवले. ज्याला पैसे देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तरच त्याची सुटका होते.

म्हणून ‘आमच्या मुख्य कार्यालयाच्या धोरणात हे चालते’ असे एखाद्या अमेरिकी कंपनीच्या पुण्यातील व्यवस्थापकाने म्हणणे निरर्थक आहे. त्याहून बिकट प्रश्न हिशेबाच्या वहीचा. तिथल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी आपल्या जमाखर्चात प्रत्येक व्यवहार खरा दाखवावा, अशी त्याच 1977 च्या कायद्याची अट आहे आणि अपवादात बसणारी चिरीमिरीही तिच्यातून सुटत नाही. वॅबटेक या रेल्वेसामग्री बनवणाऱ्या कंपनीच्या कोलकात्यातील उपकंपनीने भारतीय रेल्वेच्या अधिकाऱ्यांना पैसे दिले होते. त्यांत कंत्राटांसाठीचे पैसे होते, तसेच मालाच्या तपासणीची वेळ ठरवून घेण्यासारख्या वरवर किरकोळ कामांचेही होते. 2008 मध्ये जे आरोप मिटवले गेले, त्यांत चुकीच्या जमाखर्चाचाही आरोप होता. आता पुण्यातील लेखापालाने त्या पाचशे रुपयांची नोंद कोणत्या शीर्षाखाली करावी? ‘कारकुनाला दिले’ असे खरे लिहिले, तर भारतीय कायद्यापुढे तो पुरावा होतो, आणि ‘किरकोळ वाहतूक खर्च’ असे लिहिले, तर अमेरिकी कायदा मोडतो.