भिंतीवर बाग हवीय? आधी पाण्याचं बघूया

बरेच जण आम्हाला फोटो पाठवतात, "सेम अशी भिंत पाहिजे", आणि फोटो पुष्कळदा पॅरिसच्या के ब्रान्ली म्युझियमचा असतो. पात्रिक ब्लां या वनस्पतीशास्त्रज्ञाने केलेली ती भिंत आहेच तशी, सुमारे 800 चौरस मीटर, आणि तिच्यात माती अजिबात नाही! लोखंडी फ्रेम, त्यावर पीव्हीसी शीट, वर फेल्टचे (दाबून केलेल्या जाड कापडाचे) दोन थर, फेल्टला चिरा देऊन त्यात रोपं, आणि वरच्या ड्रिपमधून पातळ खताचं पाणी झिरपत खाली येतं. सगळं धरून वजन चौरस मीटरला 30 किलोच्या आत. फ्रेम भिंतीपासून सुटी असते, मागे हवा खेळते, त्यामुळे "भिंतीला ओल येईल का हो" ही काळजी नीट काम केलं तर नको.

पण पुण्यात आम्ही फेल्ट लावत नाही. फेल्टमध्ये पाणी फार साठत नाही, मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर भर दुपारी लाईट गेली, पंप बंद पडला की संध्याकाळपर्यंत रोपं माना टाकतात, म्हणून आम्ही कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कुंड्या वापरतो, वजन वाढतं पण रोपं तेवढा वेळ तग धरतात.

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. रांगेतलं एकच रोप पिवळं पडलं तर लगेच औषध मारू नका, आधी त्याचा ड्रिपर काढून बघा, तोंडाशी पांढरा कडक थर दिसला की तो क्षार, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, बहुतेक वेळा परत चालू होतो.

सावलीत मनी प्लांट, सिंगोनियम, फर्न. उन्हात रोहिओ.

आणि भाजीच पाहिजे असेल, बजेटही बेताचं असेल तर भिंत करूच नका, गच्चीवर वाफे करा, हे आम्ही मनापासून सांगतोय. 1991 ला सोव्हिएत संघ मोडला, तिथून क्यूबात डिझेल नि खतं येणं जवळपास थांबलं, तेव्हा राजधानी हवानातल्या लोकांनी रिकाम्या प्लॉटवर कडा बांधून कंपोस्ट भरलं आणि शहरातच भाजी पिकवली. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या किचनच्या गच्चीवरही तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र आधी तपासून घ्या.

आम्ही बघायला येण्याआधी एवढं बघून ठेवा, भिंतीवर ऊन किती ते किती असतं, नळ किती लांब आहे, जवळ प्लग पॉइंट आहे का. सोसायटीची कॉमन भिंत असेल तर कमिटीचं पत्र लागेल.