दिव्याचा सीलिंग फॅन : घरगुती जोडणी

छतातल्या एकाच हुकावर पंखा आणि त्या पंख्याच्या खालीच दिवा, अशा उपकरणाची घराच्या वायरिंगशी केली जाणारी जोडणी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या फ्लॅटांत हॉलच्या मधोमध बहुधा एकच पॉइंट असतो आणि तो पंख्याने अडवलेला असतो. मधला दिवा हवा असेल तर पंख्यालाच दिवा असणे ओघाने आले. पंखा टांगणे हे या कामातले सोपे अंग आहे. खरा प्रश्न बोर्डापासून छतापर्यंत किती वायरी आल्या आहेत हा असतो, आणि तो दुकानात जाण्याआधीच सोडवायला हवा.

साध्या सीलिंग फॅनमध्ये मधला स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) शाफ्टला, म्हणजे मधल्या दांड्याला, जखडलेला असतो आणि बाहेरचे कवच पात्यांसकट फिरते. त्याचा खालचा भागही फिरतो, म्हणून असल्या पंख्याला मागाहून दिवा लावता येत नाही. लाइटवाल्या पंख्याचा शाफ्ट आरपार पोकळ असतो. दिव्याच्या वायरी डाउन रॉडमधून (पंखा टांगणाऱ्या पोकळ दांडीतून) उतरतात, त्या पोकळीतून खाली निघतात आणि दिव्याची तबकडी शाफ्टच्या न फिरणाऱ्या टोकाला बसते. या वायरींवर स्लीव्ह (संरक्षक नळी) घातलेली असते. शाफ्टच्या तोंडाशी ती वर सरकली असेल, तर रोजच्या थरथरीने वायरीचे इन्सुलेशन धातूच्या कडेवर घासत राहते आणि काही महिन्यांनी पंख्याच्या अंगात करंट उतरू शकतो. पंखा अजून जमिनीवर असतानाच तिथे नीट पाहून घ्यावे. एकदा वर चढवल्यावर ती जागा दिसत नाही.

पंखा रेग्युलेटरने आणि दिवा वेगळ्या बटणाने चालवायचा असेल, तर छतापर्यंत चार वायरी लागतात : रेग्युलेटरमधून येणारा पंख्याचा फेज, दिव्याच्या बटणातून येणारा फेज, दोघांत सामाईक न्यूट्रल आणि अर्थिंग. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा सिंगल फेज पुरवठा असतो. रूढ रंगांप्रमाणे फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी वायर वापरतात. पण रंगावर विसंबू नये. जुन्या घरांत त्या दिवशी हाताशी असलेल्या गुंडाळीतली वायर ओढलेली सर्रास सापडते, आणि लाल न्यूट्रल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत किंवा नौपाड्यातल्या जुन्या घरांत पंख्याच्या पॉइंटला अनेकदा दोनच वायरी मिळतात. मग दिव्याची वायर पंख्याच्याच फेजला जोडून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे केले की दिवाही रेग्युलेटरमधून चालू लागतो. पंखा दोनवर आणला की एलईडी लुकलुकतो, मंदावतो किंवा विझतो, कारण त्याच्या ड्रायव्हरला (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला) ठरावीक मर्यादेतला स्थिर दाब (व्होल्टेज) लागतो. शिवाय रात्री पंखा हवा आणि दिवा नको, ही सर्वांत साधी गरजच भागत नाही. ही जोडणी चूक आहे, ‘तात्पुरती’ म्हणूनसुद्धा.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे स्लॅबमधल्या पाइपातून स्प्रिंग (वायर ओढायची लवचीक तार) घालून उरलेल्या वायरी ओढणे. पाइप सरळ आणि मोकळा असेल तर हे काम लवकर उरकते. बेंडमध्ये सिमेंट साचले असेल किंवा पाइप दबला असेल तर स्प्रिंग अडकते, आणि मग छताला वायर झाकणारी केसिंग पट्टी लावावी लागते. पट्टी दिसायला बरी दिसत नाही, पण जोडणी नियमाची होते. जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिला तांब्याची वायर पिळून जोड देऊ नये. असा सांधा हळूहळू ऑक्सिडाइज होतो, तापतो आणि टेपखालीच जळतो. अशा वेळी पूर्ण ओढच तांब्याची करावी. दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते.

दुसरा उपाय रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्याचा. त्याला अखंड फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग एवढेच लागते; वेग आणि दिवा दोन्ही पंख्यातल्या सर्किटमधून चालतात. म्हणजे दोन वायरींच्या जुन्या पॉइंटवरही वीजपुरवठ्याची फेररचना न करता तो बसतो, फक्त अर्थिंग आणावे लागते. साधा इंडक्शन पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी साधारण ३० ते ३५. २०२३ च्या १ जानेवारीपासून सीलिंग फॅनना वीजबचतीचे तारांकन सक्तीचे झाल्यावर हे पंखे सगळीकडे दिसू लागले. मात्र बोर्डावरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाकून फेज थेट बटणातून द्यावा. रेग्युलेटरने कापलेला दाब या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही, आणि महागडा पंखा नाहक बिघडतो.

बटण नेहमी फेजवरच असले पाहिजे. ते न्यूट्रलवर असले तरी दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. पण बटण बंद असतानाही दिव्यापर्यंत फेज जिवंत राहतो. बटण बंद केल्यावर एलईडी अंधारात मिणमिणत असेल तर प्रथम हीच शंका घ्यावी. बटण फेजवर असूनही तो मिणमिणत असेल, तर शेजारून जाणाऱ्या चालू वायरीचा किंचित प्रवाह किंवा बटणातला छोटा इंडिकेटर हे कारण असू शकते.

काम सुरू करताना एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा सर्किटचा स्विच) खाली करावा, केवळ बटण बंद करून शिडीच्या घोड्यावर चढू नये. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटवर लावून तो पेटतो का पाहावे, मग छतातल्या प्रत्येक वायरीला लावावा, आणि पुन्हा चालू पॉइंटवर. मेलेला टेस्टर सगळ्याच वायरी सुरक्षित असल्याचे दाखवतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर पंख्याच्या निमित्ताने तोही बसवून घ्यावा.

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, म्हणजे ठाणे-नवी मुंबईत मुख्यतः महावितरणची. मीटरपुढची वायरिंग ग्राहकाची. नव्या ओढीचे काम परवानाधारक ठेकेदाराच्या वायरमनकडूनच करून घ्यावे. आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानक संहितेनुसार दिवे-पंख्यांच्या एका उपसर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नसावा. एका लाइटवाल्या पंख्याने ही मर्यादा क्वचितच ओलांडते, पण पीओपीच्या खोट्या छतात आधीच डझनभर छोटे दिवे असतील तर मोजून पाहावे.

टांगणीत हुक महत्त्वाचा. तो स्लॅबच्या सळईत अडकवलेला हवा. पीओपीच्या सांगाड्याला पंखा कधीही टांगू नये. पीओपी खाली आल्यामुळे लांब डाउन रॉड लागतो, पण पाती जमिनीपासून २.४ मीटरच्या खाली येऊ देऊ नयेत, आणि दिवा त्याहून खाली लोंबतो हेही धरावे. शॅकलचा (हुकात अडकणाऱ्या कडीचा) रबर, बोल्ट आणि तो निसटू न देणारी कॉटर पिन नवीन घ्यावी, सेफ्टी वायर हुकाला वेगळी बांधावी.

खाडीकाठच्या या पट्ट्यात हुक गंजतो. त्याहून मोठा त्रास पावसाळ्यातला, विशेषतः सर्वांत वरच्या मजल्यावर. गच्चीतून झिरपलेले पाणी स्लॅबमधल्या पाइपांत शिरते आणि पाइप पंख्याच्या बॉक्सकडे उतरत असल्यामुळे कॅनॉपीतून (छताजवळच्या झाकणातून) थेंब थेंब गळते. साध्या पंख्यावर ते पाणी पात्यांवर उडते आणि लगेच कळते. लाइटवाल्या पंख्यात ते शाफ्टमधून दिव्याच्या तबकडीत साचते. पंखा आणि दिवा दोन्ही चालू राहतात आणि एखाद्या रात्री आरसीसीबी पडतो. तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये. त्या सर्किटचा एमसीबी खाली ठेवून कॅनॉपी उघडली की कनेक्टरच्या स्क्रूंवर हिरवट थर दिसतो. कनेक्टर बदलायचा, वायरीची काळी पडलेली टोके कापून नवी सोलायची, आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग होऊन स्लॅब सुकेपर्यंत त्या पॉइंटला वीज द्यायची नाही.