शोलाकिली बघायला येताय? फोनवर तिचा आवाज लावू नका

नीलगिरीच्या सहलीचं बुकिंग झालं की हमखास विचारणा होते, "शोलाकिली नक्की दिसेल ना?" हमी आम्ही देत नाही. पण ज्यांना ती दिसत नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांची चूक एकच असते, म्हणून हे पत्रक. तिला बाहेर काढायला ते फोनवर या पक्ष्याचा आवाज लावतात.

शोलाकिली ही दयाळाच्या कुळातली, जेमतेम चिमणीएवढी. पाठ निळी, कुशी तांबूस. ढगांत बुडालेल्या शोला जंगलात, म्हणजे उंच डोंगरांतल्या ठेंगण्या सदाहरित रानात, घळींमधल्या पाचोळ्यात किडे टिपत फिरते. प्रत्येक जोडीची हद्द ठरलेली असते. आवाज लागला की नराला वाटतं, कुणी उपरा घुसला. खाणं टाकून तो एकदा पुढे येतो, कुणी दिसलं नाही की झुडपात शिरतो आणि गप्प होतो. मग कितीही थांबा, त्या घळीत हालचाल नाही. तुमची सकाळ जाते, मागून येणाऱ्यांचीही. विणीच्या दिवसांत तर पिलांच्या तोंडचा घास जातो.

शिवाय घाईत डाउनलोड केलेलं रेकॉर्डिंग पुष्कळदा मुन्नार किंवा कोडैकानलकडचं निघतं. ही ठिकाणं पालघाट खिंडीच्या, म्हणजे नीलगिरीखाली पश्चिम घाटात पडलेल्या खिंडीच्या, दक्षिणेला. तिकडची शोलाकिली वेगळ्या जातीची, पांढऱ्या पोटाची. २०१७ साली संशोधकांनी या पक्ष्यांसाठी 'शोलिकोला' हा स्वतंत्र वंश (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडला. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातले डोंगर सोडले, तर जगात तो कुठेही नाही.

"इतके पैसे भरलेत, तुम्ही तरी एकदा लावा," असंही ऐकावं लागतं. नाही लावत. नीलगिरीची शोलाकिली संकटग्रस्त यादीत आहे, आणि आम्हाला त्याच घळींपाशी पुढच्या वर्षीही यायचं आहे.

आम्ही उजाडण्याआधी रस्त्याकडेच्या एखाद्या घळीशी पोचतो आणि बसून राहतो. जंगलात शिरत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती बारीक, उंच पट्टीची शीळ घालते. ती कशी ओळखायची हे आदल्या रात्री शिकवतो. पाऊण तास गप्प बसलात तर पाचोळा हलताना दिसतो. एका गटात चारच जण घेतो, त्यामुळे खर्च थोडा जास्त पडतो हे कबूल. पण दहा जण एका जागी गप्प बसलेले आम्ही अजून पाहिले नाहीत. बसायला घडीची स्टुलं आमच्याकडची. त्याच बैठकीत काळा-नारिंगी माशीमारही बरेचदा समोर येतो, आणि तो लाजत नाही.

आत उजेड फार कमी असतो. कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा, फ्लॅश बंदच ठेवा. कपडे मळकट रंगाचे आणा, आवाज न करणारे. रेनकोटची सळसळ तिला लांबून कळते.

मे २०२४ पासून नीलगिरीत गाडीला ई-पास (ऑनलाइन प्रवेश परवाना) लागतो, तो आम्ही काढतो. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर नंबर आठवडाभर आधी कळवा. जिल्ह्यात प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या चालत नाहीत, स्टीलची आणा.