केशरोपणोत्तर काळ व फलनिर्णय

केशरोपणोत्तर काळ : डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या भागातून काढलेली केसांची मुळे टकलाच्या जागी रोवल्यानंतर ती तेथे रुजून, गळून, पुन्हा उगवून स्थिर होईपर्यंतचा काळ. तो साधारणपणे बारा महिन्यांचा धरतात. भोवऱ्याच्या भागात पंधरा ते अठरा महिनेही लागतात. व्याख्येत ‘गळून’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. रोवलेले बहुतेक केस पहिल्या दोन महिन्यांत गळतात. ते अपयशाचे लक्षण नव्हे, पण या काळाविषयीचे निम्मे गैरसमज तेथूनच निघतात.

डोक्यावरचे केस सुटेसुटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचा पुंजका एकत्र वर येतो. या पुंजक्याचे ऊतकीय वर्णन हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये केले. टेक्सासमधील लिमर यांनी १९८८ च्या सुमारास कातडीच्या पट्टीतून असे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करण्यास आरंभ केला. व्यवहारात पुंजक्याला ‘ग्राफ्ट’ म्हणतात, येथेही तोच शब्द वापरला आहे. ग्राफ्ट मिळवण्याच्या पद्धती दोन. पट्टी काढून टाके घालण्याच्या पद्धतीला एफयूटी म्हणतात. सुमारे ०.८ ते १ मिमी. व्यासाच्या पोकळ पंचाने एकेक पुंजका उपटण्याची पद्धत म्हणजे एफयूई. तिचे वर्णन रॅसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. जपानचे इनाबा व ऑस्ट्रेलियातील वुड्स यांनी तसे प्रयोग त्याआधीच केले होते.

तंत्राच्या उगमाविषयी मतभेद आहेत. भारतीय लोकप्रिय लेखनात हे श्रेय सुश्रुताला देण्याची प्रथा दिसते. तिला आधार नाही. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त व खालित्य या केस गळण्याच्या विकारांचे वर्णन येते, पण त्यांवरचे उपाय शिरावेध (शीर टोचून रक्त काढणे) व लेप यांसारखे आहेत. घोटाळा होतो तो नासासंधानामुळे, म्हणजे कापलेले नाक पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेमुळे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या अशा एका शस्त्रक्रियेचे सचित्र वृत्त आले आणि युरोपीय शल्यविशारदांचे तिकडे लक्ष गेले. त्या शस्त्रक्रियेत कपाळाची कातडी खाली वळवून नाक घडवले होते. मात्र कातडीचा एक देठ कपाळाला जोडलेलाच ठेवला होता आणि त्यातून रक्त वाहत राहिले. केशरोपणातील तुकडा शरीरापासून पूर्ण तुटलेला असतो. हा भेद निव्वळ इतिहासाचा नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दहा दिवसांची सारी पथ्ये त्यातूनच निघतात.

तुटलेले केस पुन्हा रुजवण्याचा नोंदलेला जुना प्रयोग म्हणून वुर्ट्सबुर्ग विद्यापीठातील डीफेनबाख यांच्या १८२२ च्या प्रबंधाकडे बोट दाखवले जाते. त्यांनी स्वतःच्या हातात सहा केस रोवले व त्यांपैकी दोन वाढले, असे सांगतात. ते खरे असेल, तर केशरोपणाच्या यशाची ही पहिली टक्केवारी म्हणावी लागेल. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये, सुमारे २ ते ४ मिमी.च्या गोल पंचाने केसाळ कातडीचे तुकडे काढून ते भाजल्याच्या व इतर व्रणांवर रोवल्याचे प्रसिद्ध केले. तामुरा यांनी १९४३ मध्ये याहून बारीक, एक ते तीन केसांचे तुकडे वापरले. महायुद्धामुळे हे काम पश्चिमेत पोचले नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकारंभी ४ मिमी.चे तुकडे पुरुषी टकलावर रोवले. त्यांचा निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राधान्य कोणाचे, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. तंत्र ओकुदा यांचे आणि तत्त्व ओरेंट्राइख यांचे, असे मानणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून आहे.

हे तत्त्व ‘दात्याच्या वर्चस्वा’चे; दाता म्हणजे केस जेथून काढले तो भाग. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातील केस पुरुषी संप्रेरकाला दाद देत नाहीत आणि पुढे नेऊन लावले तरी तो गुण टिकवतात. ‘रोवलेला केस जन्मभर टिकतो’ या जाहिरातीतल्या वाक्याचे मूळ येथे आहे. कोरियाचे ह्वांग यांनी २००२ च्या सुमारास डोक्याचे केस पायावर रोवून पाहिले, तेव्हा त्यांची वाढ मंदावलेली आढळली. म्हणजे नव्या जागेचाही काही अंमल चालतो. वर्चस्वाचे तत्त्व त्यामुळे मोडीत निघत नाही, पण ‘जन्मभर’ हा शब्द जपून वापरावा. मागचा पट्टा सर्वांच्या बाबतीत सारखा सुरक्षित नसतो, वयाबरोबर तोही विरळ होतो.

रुजण्याची क्रिया त्वचारोपणासारखीच असते. पहिला दीड-दोन दिवस ग्राफ्ट भोवतालच्या ऊतकद्रवावर तगतो. पुढे त्याच्या आणि जागेच्या बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे जुळू लागतात व आठवड्याभरात नवा रक्तपुरवठा बसतो. रोवण्यापूर्वी शरीराबाहेर गेलेला वेळही मोजावा लागतो. लिमर यांच्या पाहणीत दोन तास बाहेर राहिलेले सुमारे ९५ टक्के ग्राफ्ट जगले, सहा तासांनी ८६ टक्के आणि ४८ तासांनी ५४ टक्के. तुकडे थंड द्रवात बुडवून ठेवतात ते यासाठी; उघड्यावर सुकलेला ग्राफ्ट काही मिनिटांतही जातो.

ग्राफ्ट घट्ट केव्हा बसतो, याचे नेमके उत्तर फार उशिरा मिळाले. बर्नस्टीन व रॅसमन यांनी २००६ मध्ये रोवलेले केस वेगवेगळ्या दिवशी मुद्दाम ओढून पाहिले. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट निघाला. सहाव्या दिवसापासून तो निघेनासा झाला. खपलीची गोष्ट वेगळी. चिकटलेली खपली ओढली, तर पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट हमखास तिच्याबरोबर आला. नवव्या दिवसानंतर कशानेही आला नाही. दहा दिवसांच्या पथ्याला एवढा भक्कम आधार आहे. महिना महिना डोक्याला हात न लावण्याच्या सल्ल्याला तो नाही. उलट, साचून राहिलेल्या खपल्यांखाली पू धरतो.

प्रत्येक ग्राफ्टभोवती रक्त व लस सुकून राजगिऱ्याच्या दाण्याएवढी तांबूस-काळी खपली धरते. तिसऱ्या दिवशी कपाळावरचा भाग जवळून पाहिला तर खसखस पेरल्यासारखा दिसतो. मागच्या भागात एफयूईचे ठिपके चार-पाच दिवसांत मिटतात. पट्टीचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. डोके धुण्यास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरुवात होते. शॅम्पूचा फेस तळहातावर करून वरून नुसता टेकवायचा आणि मगाने कोमट पाणी हळू सोडायचे. शॉवरची धार थेट घ्यायची नाही. आठव्या दिवसापासून फेस थोडा वेळ ठेवून खपल्या मऊ कराव्यात व दहाव्या दिवशी बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, गोल फिरवून सोडवाव्यात. त्या वेळी खपलीबरोबर केस हातात येतो आणि त्याच्या टोकाला पांढुरका फुगवटा दिसतो. ‘मूळच निघाले’ म्हणून रुग्ण फोन करतो तो याच क्षणी. तो फुगवटा केसाच्या आवरणाचा असतो, मूळ खालीच असते. ओळखण्याची खूण सोपी आहे : ग्राफ्ट निघाला तर रक्त येते, केस गळला तर येत नाही.

भूल देताना टोचलेला द्रव उतरत जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ व पापण्या सुजतात. ही सूज आठवड्यात ओसरते. तोवर डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवून झोपण्यास सांगतात. मागच्या भागाचा बधिरपणा काही आठवडे, क्वचित महिने टिकतो. निकोटिनाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून धूम्रपान बंद ठेवावे लागते. आपल्याकडे सिगारेट सोडलेला माणूस तंबाखू-चुना किंवा मिश्री त्यात धरत नाही, ती धरली पाहिजे. हेल्मेट, घाम येणारा व्यायाम, पोहणे आणि गुलाल यांबाबत डॉक्टरांची मुदत वेगवेगळी असते.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात केस गळतात. बहुतेक ग्रंथ हे मुळांना बसलेल्या धक्क्याने आलेले विश्रांतीच्या अवस्थेतले गळणे मानतात. रक्तपुरवठा तुटल्याने वाढीच्या अवस्थेतच केस तुटतो, असे दुसरे मत आहे. एकाच डोक्यात दोन्ही घडत असावे. रोवलेल्या केसांशेजारचे मूळचे केसही गळू शकतात. याला ‘शॉक लॉस’ म्हणतात. त्यांतले सुदृढ केस परत येतात, आधीच बारीक झालेले परततीलच असे नाही. तिसऱ्या महिन्यात डोके शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा उजाड दिसते, ते यामुळे. त्याच सुमारास त्वचेखालून वर येऊ पाहणाऱ्या केसांमुळे पुटकुळ्या येतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक, फिक्या, काहीशा वाकड्या केसांची उगवण सुरू होते. केस महिन्याला सुमारे १ सेंमी. वाढत असल्याने उगवल्यावरही लांबी यायला वेळ लागतो. सहाव्या महिन्यात निम्म्याच्या आसपास परिणाम दिसतो. पुढील सहा महिन्यांत संख्येपेक्षा जाडी व पोत सुधारतो.

फलनिर्णय संख्येवर करावा की दिसण्यावर, यावर एकमत नाही. निरोगी डोक्यावर दर चौ. सेंमी.ला साधारण ६५ ते ८५ पुंजके असतात. एका बैठकीत ३० ते ४५ रोवले जातात. तरीही डोके भरलेले दिसते, कारण मूळची निम्मी घनता जाईपर्यंत विरळपणा डोळ्याला सहसा जाणवत नाही. जाडीचा वाटा संख्येइतकाच मोठा आहे. केसाचा व्यास ६० मायक्रोमीटरवरून ७५ झाला, तर छेदाचे क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे अधिक होते. काळा केस आणि गव्हाळ-सावळी त्वचा यांत विरोध कमी असल्याने आपल्या लोकांत तेवढीच घनता अधिक भरीव दिसते. गोऱ्या त्वचेवर काळे केस असलेल्याला ही सवलत नाही. कुरळेपणाही पथ्यावर पडतो.

मोजणीची विश्वसनीय रीत म्हणजे त्वचेवर सूक्ष्म गोंदणखूण ठेवून त्याच १ चौ. सेंमी. चौकटीत शस्त्रक्रियेपूर्वी व वर्षाने दर्शक-भिंगाखाली केस मोजणे. ती वापरणारे थोडे. बहुतेक निर्णय छायाचित्रांवर होतात. छायाचित्र तोच प्रकाश, तोच कोन, तीच केसांची लांबी ठेवून घेतले तरच तुलना होते. आधीचे चित्र ओल्या केसांचे, डोक्यावर दिवा धरून घेतलेले आणि नंतरचे कोरडे, मागे फिरवलेले असेल, तर ते पाहू नये. केस ओले करून कंगव्याने भांग पाडला की खरे काय ते दिसते. संख्येच्या दाव्यातही एक गोम आहे. सरासरीने एका ग्राफ्टमध्ये दोनाहून थोडे अधिक केस येतात. तीन केसांचा पुंजका चिरून तीन ग्राफ्ट मोजले, तर आकडा तिप्पट होतो, केस तेवढेच राहतात. म्हणून ‘किती ग्राफ्ट’ याबरोबर ‘किती केस’ हे विचारावे. कपाळरेषा फार खाली आणि सरळ काढली, तर पहिल्या वर्षी चांगली दिसते आणि पन्नाशीत विचित्र. मागच्या भागाकडे रुग्ण आरशात पाहत नाही, पण प्रमाणाबाहेर पुंजके काढल्याने तेथे कसर लागल्यासारखी विरळ भोके पडतात. तो साठा पुन्हा भरत नाही, म्हणून निकालात त्याचीही गणती हवी.

मूळचे केस गळतच राहतात, त्यामुळे चांगले रोपणही पाच-सात वर्षांनी एकाकी बेटासारखे दिसू शकते. फिनॅस्टेराइड हे केसगळतीवरचे औषध शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे व नंतर वर्षभर घेतल्यास भोवतालचे केस अधिक टिकतात, असे लेव्हिट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट टोचण्याच्या उपचाराबद्दलचा पुरावा अजून विस्कळीत आहे. चाई तसेच व्रण करणारे केशरोग सक्रिय असताना रोवलेले केस सहसा टिकत नाहीत. अपयशाच्या अनेक प्रकरणांत मुळातले निदानच चुकलेले असते. सारे नीट करूनही केस न उगवण्याला नॉर्वुड व शील यांनी ‘एक्स घटक’ म्हटले. ग्रीको यांनी त्याला मानवी हाताळणीचा ‘एच घटक’ असे नाव सुचवले. ग्राफ्ट सुकणे, चिमट्यात चेपणे, पंचाने मूळ कापले जाणे यांविषयी आज जे कळले आहे, त्यावरून ग्रीको यांचे मत अधिक पटते. बारा महिन्यांपूर्वी मात्र अपयश घोषित करू नये व दुसरी बैठकही घेऊ नये.

भारतात केशरोपणानंतर रुग्ण दगावल्याच्या तुरळक घटना झाल्या आहेत. मुंबईत २०१९ मध्ये अशी एक घडली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्या पात्र डॉक्टरांनीच ही शस्त्रक्रिया करावी. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही.

स्त्रियांत मागचा भागही विरळ असण्याची शक्यता अधिक, त्यामुळे निवड कडक असते व शॉक लॉसची चर्चा आधीच करतात. दाढी व भुवई यांवरील रोपणाचे वेळापत्रक साधारण असेच. भुवईत रोवलेला डोक्याचा केस डोक्यावरच्यासारखाच लांब वाढत राहतो, म्हणून तो दर दोन-तीन आठवड्यांनी कात्रीने कापावा लागतो.