‘चार चमचे दे’ : मोजणे मुलांना नेमके केव्हा कळते?

तीन-साडेतीन वर्षांचे मूल एक ते वीस आकडे न अडखळता म्हणून दाखवू लागले की त्याला मोजता येते, असे घरातल्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच मुलासमोर चमच्यांचा ढीग ठेवून ‘मला चार चमचे दे’ असे सांगून पाहावे. या वयाची बरीच मुले मूठभर चमचे उचलून देतात. ‘चारच आहेत का, मोजून बघ’ असे म्हटले, तर एकेका चमच्यावर बोट ठेवत ती सहापर्यंत अचूक मोजतात; पण दोन चमचे परत ठेवायला हवेत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. माझ्या भाचीने एकदा पाच बटणे बिनचूक मोजली. ‘मग किती झाली?’ असे विचारताच तिने पुन्हा पहिल्या बटणापासून मोजायला सुरुवात केली. तिच्या दृष्टीने ‘किती’ हा प्रश्न नव्हताच, तर मोजून दाखवण्याची ती सूचना होती.

तिला अजून न उमगलेली गोष्ट रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याच्या तत्त्वांपैकी एक म्हणून मांडली : मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा हा शेवटच्या वस्तूचे नाव नसून सगळ्या समूहाची संख्या असते. कॅरन विन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले की मुले आधी फक्त ‘एक’चा अर्थ शिकतात, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा, आणि त्यानंतर मात्र एकाएकी त्यांना मोजण्याची किल्ली सापडते व पुढच्या आकड्यांचे अर्थ एकेक करून शिकावे लागत नाहीत. सुरुवात तीनपर्यंतच का, याचा धागा बहुधा आपल्या नजरेत आहे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ मध्ये काळ्या बिया पेटीत टाकून, क्षणभर पाहून त्यांची संख्या सांगण्याचा प्रयोग हजाराहून अधिक वेळा स्वतःवर केला. तीन आणि चार बियांना ते एकदाही चुकले नाहीत, पाचपासून चुका सुरू झाल्या; म्हणजे तीन-चारपर्यंतची संख्या न मोजताही नजरेला कळते.

म्हणूनच घरात मुलाकडून शंभरपर्यंत आकडे वदवून घेण्यापेक्षा ‘ही बघ तीन पुस्तके : एक, दोन, तीन’ असे आधी संख्या सांगून लगेच मोजून दाखवणे अधिक उपयोगी ठरते. जेवायला बसणाऱ्या प्रत्येकापुढे एकेक ताट मांडायला सांगितले की एकास एक संगती, म्हणजे प्रत्येकाला एकच जोडी, आपोआप हाताखालून जाते, आणि ‘एक ताट कमी पडले, आता किती हवीत?’ या प्रश्नाला खरे कारण असते.

यापुढचा टप्पा मला सर्वांत विलोभनीय वाटतो. ० ते १०० अशी कोरी रेषा देऊन ‘१० कुठे येईल?’ असे विचारले, तर पाच-सहा वर्षांची मुले १० ला बरेच उजवीकडे नेतात आणि मोठ्या संख्या उजव्या टोकाशी दाटीवाटीने बसवतात. या चुकीलाही शिस्त असते. मुलांची ही रेषा लघुगणकीय रेषेच्या जवळ जाते, म्हणजे तिच्यावर समान फरकांना नव्हे तर समान गुणोत्तरांना समान अंतर मिळते. १ ते २ ही दुप्पट आणि १० ते २० ही दुप्पट, म्हणून दोन्ही अंतरे सारखी. शाळेतल्या गणिताला लागते ती मात्र समान अंतरांची संख्यारेषा.

ती रेषा मनात उमटवण्याचे एक साधन अगदी साधे आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या वयाच्या मुलांना सरळ ओळीतल्या १ ते १० घरांच्या पटावर सोंगटी पुढे नेण्याचा खेळ दिला. दान फक्त १ किंवा २ चे. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या, आणि मुलांची संख्यारेषेवरील अचूकता, लहानमोठेपणाची जाण, मोजणे व आकडे ओळखणे या चारही बाबतींत सुधारणा दिसली. ती नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. घरांवर आकड्यांऐवजी रंग असलेला तसाच खेळ खेळलेल्या मुलांत ती दिसली नाही.

हे कसे घडत असावे? सोंगटी ८ वर पोचवायला ४ च्या दुप्पट अंतर कापावे लागते, दुप्पट वेळा हात हलवावा लागतो, दुप्पट आकडे उच्चारावे लागतात आणि साधारण दुप्पट वेळही लागतो; ‘आठ’ म्हणजे ‘चार’च्या दुप्पट, ही एकच गोष्ट डोळे, हात, जीभ आणि कान एकाच वेळी सांगतात. पुढच्या अभ्यासात वर्तुळाकार पटाचा असा उपयोग झाला नाही. सापशिडीचा पट घेऊन पाहिले की कारणाचा अंदाज येतो : तिथे ओळी उलटसुलट वळत जात असल्यामुळे २० चे घर १ च्या अगदी वर येऊन बसते.

या खेळात एक बारकावा सांभाळावा लागतो. सोंगटी ३ वर असताना २ चे दान पडले, तर ‘एक, दोन’ न म्हणता घरांवरचे आकडे वाचत ‘चार, पाच’ म्हणायचे. एलिडा लास्की आणि सिगलर यांच्या २०१४ च्या अभ्यासात असे पुढे मोजणाऱ्या मुलांनाच १०० घरांच्या पटाचा खरा लाभ झाला. ‘एक, दोन’ म्हणणारे मूल आपण कुठे उभे आहोत हे प्रत्येक दानाला विसरत असते.

तासाभराच्या खेळाने एवढे साधत असताना ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मेंदूचा मधला भाग ‘जागा’ करून मुलाची बुद्धी वाढवण्याच्या, नावाखाली पालकांकडून पैसे उकळले जातात, याची मला चीड येते, कारण त्या दाव्यांना विज्ञानाचा आधार नाही, आणि जन्मतारखेच्या अंकावरून मुलाला गणित जमेल की नाही हे सांगणाऱ्यांना तर संख्या म्हणजे काय हेच कळलेले नाही.

शाळेत हाच पट खडूने जमिनीवर आखून मुलांनी स्वतः सोंगट्या व्हावे. हीच रेषा पुढे अपूर्णांकांनाही पुरते. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असे अनेक मुलांना वाटते. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्याव्यात, एकीच्या घड्या घालून तीन समान भाग करावेत, दुसरीचे चार, आणि दोन्हींची डावी टोके जुळवून त्या एकीखाली एक ठेवाव्यात. मुलाने पहिल्या घडीवर बोट ठेवून पाहिले, की १/४ ची घडी १/३ च्या अलीकडे पडलेली त्याला स्वतःलाच दिसते.