कूर्चेची दुरुस्ती आणि मूलपेशी

एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असे विल्यम हंटर या शरीररचनातज्ज्ञाने १७४३ सालीच नोंदवून ठेवले आहे. याचे कारण तिच्या घडणीतच आहे. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर असलेला हा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर बहुतांशी पाण्याचा असतो. प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू ते पाणी धरून ठेवतात आणि कोलॅजनच्या तंतूंची जाळी त्यांना आवर घालते. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतू नाहीत आणि पेशीही अगदी विरळ आहेत. त्यामुळे दुरुस्तीचे सामान पोचायला वाटच नसते, आणि कूर्चा स्वतः दुखत नसल्याने झीज बरीच पुढे गेल्यावर लक्षात येते.

कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडली, तर अस्थिमज्जेतील रक्त आणि मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशी) वर झिरपून खड्डा भरतो. मात्र भरून येते ती तंतुमय कूर्चा, जी मूळच्या कूर्चेइतकी टिकाऊ नसते. स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ मध्ये रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत रोवल्याचे प्रसिद्ध केले, पण त्यासाठी आधी निरोगी कूर्चेचाच तुकडा काढावा लागतो.

म्हणून अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतील मूलपेशींकडे लक्ष वळले. योग्य वाढघटक दिले, तर त्या कूर्चापेशींसारख्या होतात; अडचण अशी, की अनेकदा त्या तिथेच थांबत नाहीत. गर्भात हाडे घडताना कूर्चा फुगते, तिच्यात कॅल्शियम साचते आणि तिच्या जागी हाड येते. प्रयोगशाळेतील पेशीही त्याच वाटेने निघतात. गुडघ्याला तर आयुष्यभर कूर्चाच राहील अशी कूर्चा हवी असते. शिवाय टोचलेल्या पेशींपैकी फार थोड्या तिथे टिकतात. त्यांचा उपयोग होत असेल, तर तो बहुधा त्यांनी सोडलेल्या, सूज शमवणाऱ्या रेणूंमुळे. मूलपेशी गवंड्यासारख्या भिंत बांधतात ही कल्पना त्यामुळे मागे पडत चालली आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

खेळताना तरुण गुडघ्यात पडलेला एखादा खड्डा आणि संधिवाताने सर्वत्र झिजलेला सांधा यांत मोठा फरक आहे. संधिवाताच्या रुग्णांना तीन प्रकारच्या पेशीजन्य उपचारांची इंजेक्शने देऊन त्यांची तुलना साध्या स्टेरॉइडशी करणारी मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर वेदनेच्या बाबतीत त्यांपैकी एकही उपचार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.